ब्लॅकलाइट कशी काम करते? खोटी नोट ओळखायला यूव्ही टॉर्च घ्यावी का?

खोट्या नोटेचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, नाहीतर एवढं टाइप करायचा मला कंटाळा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मेहुण्याला शर्ट घ्यायला साताऱ्यात एका कापड दुकानात गेलो होतो. पाचशेच्या तीन नोटा दिल्या. काउंटरवरच्या पोराने त्या जांभळ्या ट्यूबच्या डब्यात एकेक सरकवल्या. दोन आत काळपट दिसल्या, नंबर तेवढे चमकले. तिसरी मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत निळसर पांढरी! "काका, ही खोटी आहे." मागे रांग, शेजारी मेहुणा. मालकाने नोट उजेडात धरून गांधीजी दिसतात का तेवढंही बघितलं नाही. दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली, जणू विटाळ झाला.

ती नोट त्याच आठवड्यात माझ्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आली होती. बायकोने इस्त्री फिरवून सरळ केलेली. सगळी भानगड इथेच आहे.

ब्लॅकलाइटमधून मुख्यतः ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण निघतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाहीत, दिसते ती सोबत गळणारी थोडी जांभळी झाक. काही पदार्थ हे किरण गिळतात, त्यातली थोडी ऊर्जा आत जिरते आणि उरलेली दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबण पावडरीत जे रसायन घालतात ते नेमकं असंच निळसर चमकतं. पूर्वी घरोघरी टिनोपॉल टाकायचे, तीच जात. साध्या कागदातही ते असतं. नोटेचा कागद कापसाचा, त्यात ते घालत नाहीत, म्हणून खरी नोट काळपट राहते आणि साध्या कागदावर छापलेली उजळते. पण खरी नोट पावडरीच्या पाण्यात भिजली की तीही उजळणारच. हे त्या मालकाला कोण सांगणार?

बँकेने नोट मुकाट्याने जमा करून घेतली. तरी मेहुणा प्रत्येक लग्नात सांगतो, "दाजी खोटी नोट खपवायला निघाले होते." मग मी चौदाशे रुपयांची टॉर्च मागवली. दहाच्या दोन कोऱ्या नोटा घेतल्या, एक रात्रभर पावडरीत भिजवली, वाळवली, आणि अंधाऱ्या खोलीत दोन्ही त्याच्यासमोर ठेवल्या. धुतलेली लख्ख, दुसरी काळी. तर म्हणतो, "दहाची वेगळी असते दाजी, पाचशेची धुवून दाखवा." अशा माणसापुढे विज्ञान काय करणार.

तर टॉर्च घ्यायची का? नुसत्या नोटांसाठी घेऊ नका. पाचशेची नोट तिरकी करा, हिरवी तार निळी होते का बघा. वॉटरमार्क बघा, कडेच्या उठावदार रेघांवरून बोट फिरवा. हे फुकट आहे. हॉटेलच्या चादरी तपासायलाही घेऊ नका, चांगली धुतलेली चादर अख्खी चमकते आणि तुम्ही उगाच रात्रभर जागे राहाल.

कोकणात राहत असाल तर मात्र जरूर घ्या. माझी बहीण चिपळूणला असते, ती रात्री मोरीत आणि लाकडांच्या ढिगात टॉर्च मारते. विंचू हिरवट निळा पेटल्यासारखा दिसतो, नांगीसकट. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, तेव्हा चप्पल घालूनच जा. त्वचेचे डॉक्टर कोडाचे डाग बघायला असाच दिवा वापरतात, त्याला वुड्स लॅम्प म्हणतात.

घेतलीत तर ३६५ची, काळी काच असलेली घ्या. स्वस्तातली ३९५ची सगळं जांभळंच करून टाकते, मग फिकी चमक दिसत नाही. आणि हो, डोळ्यात मारू नका, पोरांच्या हातात देऊ नका. पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब हिच्यापेक्षा फार घातक असते, ती उघडून बघायचा उद्योग करू नका.

मेहुणा भाऊबीजेला येतोय. पाचशेची एक नोट परवापासून बादलीत आहे.