'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर 2' बद्दल खेळाडूंची मतं इतकी टोकाची का? नवख्याने कोणता गट घ्यावा?

तुम्ही विचारलंय की अवकाशातल्या साम्राज्यांच्या या स्ट्रॅटेजी गेमबद्दल वाचायला गेलं की एक जण म्हणतो अवकाशातल्या लढायांचा याच्या तोडीचा गेम नाही, दुसरा म्हणतो खेळताना झोप येते, आणि तिसरा म्हणतो समोरच्याने वसारी हा गट घेतला की खेळायचंच कशाला. आजवर फक्त एज ऑफ एम्पायर्स खेळलेल्या माणसाने यातल्या कोणाचं ऐकायचं, आणि सुरुवात कुठल्या गटापासून करायची?

मी पहिल्या भागापासून हा गेम खेळतोय, आणि अजूनही हौसेने खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिघांचंही ऐका. फक्त आधी प्रत्येकाला विचारा, बाबा रे, तू खेळतोस कुठला गट? या गेमबद्दलची बरीचशी मतं ही त्या खेळाडूच्या गटाबद्दलची मतं असतात. एज ऑफ एम्पायर्समध्ये ब्रिटन्स घ्या नाहीतर मंगोल घ्या, गावकरी तेच, बराकी त्याच, फरक असतो तो एखाद-दुसऱ्या खास तुकडीचा आणि थोड्या सवलतींचा. इथे गट बदलला की खेळाचा वेग बदलतो, पैसा कुठून येतो ते बदलतं, आणि काय गमावलं की डाव संपला हेसुद्धा बदलतं.

थोडी पार्श्वभूमी. पहिला भाग 2008 च्या फेब्रुवारीत आला. कॅनडातल्या आयर्नक्लॅड गेम्सने तो बनवला आणि स्टारडॉकने प्रकाशित केला. त्याच्या दोन छोट्या पुरवण्या (एक्सपान्शन) आल्या आणि मग 2012 मध्ये 'रिबेलियन' आला. त्यात तिन्ही गट आतून फुटले, प्रत्येकाचे निष्ठावंत आणि बंडखोर असे दोन तुकडे झाले. दुसरा भाग 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात, काम अजून चालू असतानाच, अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून आला आणि स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. तुम्हाला जी कडवट मतं दिसली असतील त्यातली काही या वाट पाहण्याच्या काळातली आहेत. तो राग खराच होता, पण आज विकत घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मत वाचताना तारीख बघत जा.

आता गट. टीईसी म्हणजे ट्रेडर इमर्जन्सी कोअॅलिशन. ही व्यापारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या शांततेत धंदा करत होती, सैन्य असं नव्हतंच, आणि अचानक वसारी चालून आल्यावर घाईघाईत हत्यारं ओतायला लागली. त्यांची जहाजं दिसायलाही तशीच आहेत, ठोकळेबाज, पत्र्याची, तोफा आणि क्षेपणास्त्रं लादलेली. खेळतानाही व्यापार हाच त्यांचा कणा. ग्रहांभोवती व्यापारी बंदरं उभारायची, गल्ला भरायचा, आणि तो भरला की शत्रूपेक्षा जास्त जहाजं बांधायची. त्यातला एन्क्लेव्ह हा उपगट तटबंदीवाला आहे. ग्रहांवर राखणीच्या तुकड्या ठेवायच्या, मोठाले अवकाशतळ उभारायचे आणि म्हणायचं, या आता. दुसरा प्रायमसी. हे सूडाने पेटलेले, परकं म्हणून जे काही आहे ते संपवायला निघालेले.

आता तुमचा 'झोप येते' म्हणणारा खेळाडू आठवा. हा माणूस बहुतेक वेळा एन्क्लेव्ह घेऊन कॉम्प्युटरविरुद्ध मोठ्या नकाशावर बसलेला असतो. तळ बांधतो, त्याच्यामागे अजून एक बांधतो, आणि मग तासभर काही घडत नाही म्हणतो. त्याचं खोटं नाही. पण त्याने निवडलेल्या गटाचा स्वभावच तो आहे, आणि मला विचाराल तर याच गटात एक वेगळी मजा आहे. शत्रूचा ताफा आपल्या ग्रहापाशी फेज लेनमधून, म्हणजे ग्रहांना जोडणाऱ्या वाटेतून, बाहेर पडतो आणि त्याच्या लक्षात येतं की समोर एक तळ आहे, दुरुस्तीचे प्लॅटफॉर्म आहेत, आणि बाजूला मार्झा ड्रेडनॉट हे अजस्र लढाऊ जहाज उभं आहे. त्या मार्झाची क्षेपणास्त्रांची सरबत्ती जवळून बघाच. दुसऱ्या भागात क्षेपणास्त्र ही खरोखरची वस्तू आहे. ते सुटतं, अंतर कापतं, वाटेत त्याला पाडता येतं. माऊसचं चाक फिरवत अगदी खाली गेलात की गार्डा नावाच्या छोट्या जहाजांचे बुरूज एकेक करून वळताना दिसतात आणि येणारी क्षेपणास्त्रं हवेतच फुटतात. तेच चाक उलटं फिरवलं की ही सगळी धुमश्चक्री एका ग्रहाशेजारच्या चार खुणांएवढी होते आणि अख्खी सूर्यमाला पडद्यावर येते. मध्ये कुठे लोडिंग नाही. पहिला माणूस 'याच्या तोडीचा गेम नाही' म्हणतो तो बहुधा याबद्दल बोलत असतो, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

वसारींवर मात्र जास्त लिहायला हवं, कारण सगळी भांडणं त्यांच्यावरूनच होतात. यांचं साम्राज्य कोण्या अज्ञात शत्रूने गिळलं. जे वाचले ते गेली दहा हजार वर्षं पळताहेत. थांबायचं, लुटायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा निघायचं. रिबेलियनमध्ये फूट पडली तीही यावरूनच. एका तुकड्याचं म्हणणं, मागून येतंय ते फार जवळ आलंय, हातात येईल ते ओरबाडा आणि निघा. दुसऱ्याचं म्हणणं, माणसांशी हात मिळवू आणि सगळेच मिळून जाऊ. दुसऱ्या भागातले एक्झोडस आणि अलायन्स हे उपगट म्हणजे हेच दोघे.

ही गोष्ट खेळाच्या नियमांत कशी उतरवली आहे ते बघा. एक्झोडस घेतलं की तुम्ही स्वतःचाच ग्रह खरवडून काढू शकता. जनता, माती, धातू सगळं उपसायचं, आणि मागे निव्वळ मेलेला दगड ठेवून पुढे जायचं. इतर कुठल्याही स्ट्रॅटेजी गेममध्ये जमीन हातची गेली की खेळाडू रडकुंडीला येतो. इथे तुम्ही ती आपल्या हाताने संपवता आणि ताफा फुगवता. शिवाय त्यांचे फेज गेट. दोन टोकांना गेट उभारले की मधल्या ग्रहांना बगल देऊन जहाजं थेट पलीकडे. म्हणजे टीईसीच्या खेळाडूने सीमेवर जीव तोडून तटबंदी उभारावी आणि वसारी पाठीमागच्या अंगणात उगवावेत.

आमच्या मित्रांच्या डावात हे अनेकदा घडतं. एक मित्र एन्क्लेव्हशिवाय काही घेत नाही, दुसरा एक्झोडसशिवाय. मागच्या एका डावात पहिल्याने बर्फाळ ग्रहाच्या नाक्यावर सगळा जीव ओतला होता. दुसरा त्या नाक्याकडे फिरकलाच नाही. त्याने आपले तीन ग्रह एकामागून एक खरवडले. नकाशावर त्याचा रंग आक्रसत गेला, तेव्हा आम्हाला वाटलं हा हरतोय. मग हेडफोनवर एकदम पहिल्याची ओरड ऐकू आली, "अरे माझ्या राजधानीवर हे कुठून आले?" ती सगळी लूट जहाजं होऊन आली होती. त्या रात्री पहिला मित्र म्हणाला वसारी म्हणजे निव्वळ चीटिंग. त्याचं मत तुम्ही एकटं वाचलं असतं तर तुम्हाला गेम असंतुलित वाटला असता. पण दुसऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर तो जुगार होता. ग्रह खरवडल्यावर उत्पन्न गेलं ते गेलंच. तो ताफा राजधानीपाशी अडला असता तर मागे परतायला घरच नव्हतं.

असंतुलनाची तक्रार पूर्णपणे पोकळ आहे असं मी म्हणत नाही. अपडेट येतात तसे आकडे बदलतात, कधी एखादं जहाज फार भारी पडतं, कधी एखाद्या गटाची सुरुवात फार कच्ची असते. पण तीन गट एकमेकांपासून इतके वेगळे ठेवायचे तर तागडी थोडी हलणारच, आणि सगळे सारखे करून ती स्थिर करण्यापेक्षा मला हे हजारपट आवडतं.

तिसरा गट अ‍ॅडव्हेंट. हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी श्रद्धेपायी हद्दपार केलेली माणसं, आता बदला घ्यायला परतलेली. मनाची शक्ती, सामूहिक चेतना, प्रचंड शिल्ड. यांची एकेकटी जहाजं फारशी दणकट नाहीत, पण एकत्र उभी केली, आयकोनस गार्डियनसारखी आधाराची जहाजं मध्ये ठेवली, की ताफा फोडता फुटत नाही. शिवाय त्यांचा सांस्कृतिक प्रभाव. तोफ न डागता शत्रूच्या ग्रहावरची निष्ठा पोखरत नेणं यांना जमतं. यांच्याबद्दलची मतं वाचाल तर एक गंमत दिसेल, शिव्या घालणारे कमी आणि वैतागून सोडून देणारे जास्त. कारण क्षमता वेळेवर वापरल्या नाहीत तर हा गट काहीच करत नाही. नवख्याने यांच्यापासून सुरुवात करू नये, एवढं ठामपणे सांगतो.

दुसऱ्या भागातली एक गोष्ट मात्र गटाच्या पलीकडची आहे, आणि तिच्यावरून जुन्या खेळाडूंमध्ये दोन तट आहेत. पहिल्या भागात ग्रह जागच्या जागी होते. आता ते ताऱ्याभोवती फिरतात, आणि ते फिरले की त्यांना जोडणाऱ्या फेज लेनही बदलतात. आज जो शेजारी आहे तो अर्ध्या तासाने दूर गेलेला असतो आणि कोणी तिसराच दाराशी येतो. पुढे कोण कुठे असेल हे आधी बघण्याची सोय दिली आहे, ती वापरायला लगेच शिका. जुन्यांपैकी काहींना हे अजिबात रुचत नाही. त्यांचं म्हणणं, नाके अडवून बसणं हाच तर या गेमचा आत्मा होता. मला उलट वाटतं. पहिल्या भागात एकदा नाका बंद झाला की दोन्हीकडचे नुसते बघत बसायचे. आता भिंतीआड लपलेल्याला वेळापत्रक बघावं लागतं, आणि आक्रमण करणाऱ्याला कधी थांबायचं हे कळावं लागतं. चढाई केली आणि परतीची लेनच निघून गेली, तर ताफा शत्रूच्या घरात अडकतो.

कथा-मोहीम नाही ही तक्रार तुम्ही वाचली असेलच. ती रास्त आहे. गेम घेतल्यावर तुम्हाला टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी मोहीम मिळत नाही, नकाशा निवडायचा आणि खेळायचं. गोष्ट हवी असणाऱ्याने नुसत्या गोष्टीसाठी हा गेम घेऊ नये. पण वर सांगितलं तसं, पळणाऱ्या वसारींना ग्रह खरवडायला लावणं आणि व्यापाऱ्यांना भिंती बांधायला लावणं, ही गोष्ट सांगण्याचीच एक रीत आहे, आणि माझ्या मते फार थोड्या गेमना ती साधली आहे.

लॅपटॉपबद्दल. पहिला भाग 32-बिटचा होता. शेवटी शेवटी शेकडो जहाजं जमली की तगडा पीसीसुद्धा रडायचा, आणि नवं मशीन घेऊन त्यात फारसा फरक पडायचा नाही. दुसऱ्या भागाचं इंजिन 64-बिटचं आहे, प्रोसेसरचे सगळे कोअर वापरतं, त्यामुळे तो त्रास बराच गेलाय. ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल तर मात्र आधी रिबेलियन घ्या. तो सेलमध्ये स्वस्तात मिळतो, त्याच्यावर स्टार ट्रेक आणि स्टार वॉर्सचे मॉड (खेळाडूंनीच बनवलेल्या बदललेल्या आवृत्त्या) आहेत, आणि गटांचा स्वभाव तिथेही हाच आहे.

तर सुरुवात अशी करा. टीईसी घ्या, उपगट एन्क्लेव्ह. एकच तारा असलेला छोटा नकाशा आणि समोर एकच कॉम्प्युटर. पहिलं कॅपिटल शिप, म्हणजे ताफ्यातलं मोठं मुख्य जहाज, म्हणून अक्कान निवडा, ते स्वतः ग्रहावर वसाहत करतं, त्यामुळे पहिली पंधरा-वीस मिनिटं सोपी जातात. एकट्याने खेळताना पॉज दाबून हुकूम देता येतात, ते बिनधास्त करा, त्यात कमीपणा काही नाही. एज ऑफ एम्पायर्सच्या सवयीने लहान जहाजांचा कळप पाठवत सुटू नका. कॅपिटल शिप जसजसं लढतं तशी त्याची पातळी चढते, म्हणून ते हरणाऱ्या लढाईतून वेळीच बाहेर काढायला शिका. एवढं हाताशी आलं की लगेच त्याच नकाशावर एक्झोडस घ्या आणि आपला एक धडधाकट ग्रह खरवडून बघा. तो हुकूम देताना हात अडखळेल, पण द्याच.