भिंत आणि पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत येतंय, सिलिकॉनही टिकत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराला लागून पत्र्याची पडवी काढली, आणि भिंतीला पत्रा टेकतो तिथून पावसाचं पाणी आत उतरतं. सिमेंटचा वाटा (सांध्याच्या कोपऱ्यात भरलेला तिरका थर) मारून झाला, सिलिकॉन भरून झालं, तरी गळतंच.

मी कोकणात पत्र्याच्या छपरांची कामं करतो. तो वाटा टिकणारच नव्हता. पत्रा उन्हात तापतो आणि सर आली की एकदम गार पडतो. 40 अंशांच्या फरकाने 6 मीटरचा लोखंडी पत्रा जवळजवळ 3 मिमी लांब-आखूड होतो. भिंत तेवढी हलत नाही. मधलं सिमेंट तडकतं. सिलिकॉनला चिऱ्याच्या भुसभुशीत अंगावर पकडच मिळत नाही.

जुनी कौलारू छपरं बघा. वरचं कौल खालच्यावर चढवलेलं असतं, चिकटवलेलं काही नसतं, पाणी उताराने आपोआप जातं. फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी, तेही तसंच हवं, आणि ते दोन तुकड्यांत करून घ्या.

पहिला तुकडा कोनात वळवलेला: निदान 150 मिमी भिंतीवर चढलेला, 200 मिमी छपरावर उतरलेला. तो फक्त छपराला स्क्रू करा, पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर लावून. भिंतीला ठोकू नका, म्हणजे पत्र्याबरोबर तोही सरकेल. दुसरा तुकडा भिंतीतून निघून पहिल्याच्या उभ्या बाजूवर 75 मिमी तरी खाली यायला हवा. त्यासाठी चिऱ्यांच्या आडव्या दरजेत ग्राइंडरने 25 ते 30 मिमी खोल खाच मारायची, आत जाताना किंचित वर चढणारी. धूळ ब्रशने पूर्ण काढा, पत्र्याची कड आत घालून पाचरी मारा आणि मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. इथे सीलंट फक्त मदतीला आहे, भार पाचरींवर. काँक्रीटची बीम आडवी आली तर तिथे खाच मारू नका, आत सळई असते. त्या भागात पट्टी फास्टनरने आवळून वरच्या कडेला सीलंट द्या.

फ्लॅशिंगचे तुकडे एकमेकांवर 150 मिमी चढवा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, जोडाचं उघडं तोंड त्याच्याकडे ठेवू नका.

आता एक गोष्ट जी फार कमी कारागीर करतात. भिंतीकडच्या टोकाला पत्र्याचा प्रत्येक खोलगट भाग पकडीने वर वळवून घ्या. वारा पाणी उताराच्या उलट ढकलतो, तेव्हा फ्लॅशिंगखाली शिरलेलं पाणी या वळणाला अडतं. मला स्वतःला हे काम सीलंटच्या दहा नळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि चिरा पाणी पितो, हे विसरू नका. सांध्याच्या वरची भिंत उघडी असेल तर पाणी चिऱ्यातून आत शिरून फ्लॅशिंगच्या मागून खाली उतरेल आणि दोष पत्र्याला लागेल. त्या भागाला आधी गिलावा करा, बाहेरचा रंग द्या.

काम एप्रिल-मेमध्ये, भिंत कोरडी असताना उरका. झालं की पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर, एकेका पट्ट्यावर थोडा वेळ थांबत. सुरुवातीलाच वरून सोडलंत तर पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कळणार नाही.