वाचकांचे प्रश्न : इटालियन ऐकू येतं, कळत का नाही?

इटालियन शिकणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं ऐकण्याच्या अडचणींची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

प्रश्न : दोन वर्षं इटालियन शिकतो आहे. वर्तमानपत्र शब्दकोश फारसा न उघडता वाचतो. पण 'राय' या इटलीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बातम्या लावल्या की माणसांची आणि गावांची नावं तेवढी कळतात. कामं करताना रोज तासभर इटालियन रेडिओ चालू ठेवतो, तरी फरक पडत नाही. काय चुकतंय?

तो रेडिओ करमणूक म्हणून खुशाल चालू ठेवा, पण अभ्यासात धरू नका. न कळणारं बोलणं तासन्‌तास कानावर पडल्याने कळायला लागत नाही. उलट न कळताच ऐकत राहायची सवय लागते, आणि ती मोडायला वेळ जातो.

तुमचा शब्दसंग्रह डोळ्यांनी जमवलेला आहे. कागदावर दोन शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात नसते. 'मी त्याला ते सांगितलं' हे इटालियनमध्ये 'ल्येलोदेत्तो' असं एका दमात येतं. त्यात 'त्याला', 'ते', सहायक क्रियापद आणि 'सांगितलं' असे चार तुकडे आहेत आणि चारही तुम्हाला पाठ आहेत. 'माझ्याकडे आहे' हे 'चेलो' होतं, 'कुठे आहे' हे 'दोवे'. गंमत अशी की बातम्यांमधले लांबलचक सरकारी शब्द शिकणाऱ्याला पटकन कळतात आणि निसटतात ते हे एक-दोन अक्षरांचे जोडतुकडे. वाक्यात कोणी कोणाला काय केलं, ते मात्र त्यांच्यातच असतं.

उपाय असा. दोन मिनिटांचा तुकडा निवडा, ज्याचा लिखित मजकूर शब्दशः मिळतो. 'पॉडकास्ट इतालियानो' किंवा 'न्यूज इन स्लो इटालियन' यांसारख्या, शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कार्यक्रमांना मजकूर असतो. पहिल्यांदा मजकूर न बघता सलग ऐका आणि कोण, कुठे, काय एवढंच लिहा. दुसऱ्यांदा ऐकून त्यात भर घाला. मग त्यातले फक्त ३० सेकंद घ्या आणि एकेक वाक्य थांबवत, जसं ऐकू येईल तसं लिहून काढा. एका वाक्याला पाच वेळांहून जास्त देऊ नका. जे सापडलं नाही तिथे रेघ ओढून पुढे चला.

आता मजकूर उघडा आणि लाल पेनाने तपासा. प्रत्येक चुकीपुढे खूण करा : शब्दच नवा होता तर 'न', माहीत असून ओळखला नाही तर 'ओ', दोन-तीन शब्द एकमेकांत मिसळले तर 'सं', म्हणजे संधी. 'न'च्या चुका शब्दकोश सोडवतो. तुमच्या वहीत 'ओ' आणि 'सं' जास्त निघतील, आणि त्या फक्त कानाने सुटतात. ती वाक्यं मजकूर समोर ठेवून दहा वेळा ऐका, शेवटच्या चार-पाच वेळा बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच वेगात मोठ्याने म्हणा. 'ल्येलोदेत्तो' स्वतःच्या तोंडून एका दमात निघालं की दुसऱ्याच्या तोंडचं ओळखू येतं. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा मजकुराशिवाय ऐका. सगळ्याला पंचवीस मिनिटं लागतात. आठवड्यातून चार वेळा पुरे.

दोन तांत्रिक गोष्टी. पॉडकास्टच्या ॲपमध्ये मागे जाण्याचं बटण ३० सेकंदांवर असेल तर ५ किंवा १० वर आणा, नाहीतर प्रत्येक वेळी वाक्य शोधण्यातच जीव जातो. डाउनलोड केलेली फाइल 'व्हीएलसी' या प्लेअरमध्ये लावली तर ए-बी लूपने हवं तेवढंच वाक्य फिरवत ठेवता येतं. वेग कमी करायचा तर ०.८ पर्यंत. त्याखाली आवाज रबरासारखा ताणला जातो, आणि तसं कोणी बोलत नसल्यामुळे त्या सरावाचा उपयोग नाही.

प्रश्न : सबटायटल्स इटालियन लावावीत की इंग्रजी? इटालियन लावली तर बोलतात एक आणि खाली येतं भलतंच.

इंग्रजी लावलीत की वाचन होतं, ऐकणं थांबतं. इटालियनच लावा, पण आधी कार्यक्रम मूळचा इटालियन आहे ना ते बघा. परदेशी मालिकेचं इटालियन डबिंग आणि तिचीच इटालियन सबटायटल्स ही बहुधा दोन वेगळी भाषांतरं असतात. डबिंगवाल्याला ओठांच्या हालचाली सांभाळायच्या असतात, सबटायटलवाल्याला ओळीची लांबी. म्हणून दोघांचे शब्द जुळत नाहीत. मूळ इटालियन कार्यक्रमात कर्णबधिरांसाठी दिलेली सबटायटल्स बरीच जवळची असतात, तरी वेगवान संवादात तीही आटोपशीर केलेली सापडतात. म्हणून श्रुतलेखन तपासायला सबटायटल्सवर डोळे झाकून विसंबू नका. यूट्यूबवर आपोआप तयार होणाऱ्या ओळींचंही तेच.

पण यावरून डबिंग टाकाऊ ठरवू नका. इटलीत डबिंगची परंपरा मोठी आहे. आवाज स्टुडिओतले, उच्चार प्रमाण, प्रादेशिक हेल जवळजवळ नाहीच. आधी पाहिलेली, गोष्ट पाठ असलेली मालिका इटालियन डबिंगमध्ये, सबटायटल्स बंद करून पाहणं हा मधल्या पातळीवरचा फार चांगला सराव आहे.

प्रश्न : साठ आणि सत्तर यांत माझा हमखास गोंधळ होतो. 'कासा' आणि 'कस्सा' यांसारख्या जोड्यांतही.

दोन अडचणी वेगळ्या आहेत. जोडाक्षर ओळखणं मराठी कानाला नवं नाही. 'खडा' आणि 'खड्डा' आपण गोंधळत नाही. इटालियनमध्ये त्याच्याबरोबर आणखी एक खूण मिळते : आघात असलेल्या अक्षरापुढे एकच व्यंजन असेल तर स्वर लांबतो, दुहेरी असेल तर आखूड राहतो. 'कासा' म्हणजे घर, 'कस्सा' म्हणजे पेटी किंवा गल्ला. 'कारो' म्हणजे प्रिय, 'कर्रो' म्हणजे गाडा. वेगात व्यंजन निसटलं तरी आधीचा स्वर पकडा.

'सेस्सान्ता' (६०) आणि 'सेत्तान्ता' (७०) यांत दोन्हीकडे जोडाक्षरच आहे, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिथे शांतता ऐका. 'त्त'मध्ये आवाज क्षणभर पूर्ण तुटतो, 'स्स'मध्ये हवा चालू राहते. गोंगाटात हा सुस्कारा आधी हरवतो, म्हणून आकड्यांचा सराव हेडफोन लावूनच करा.

सरावाला 'राय'च्या 'इझोरादिओ' या वाहतुकीच्या रेडिओसारखी जागा नाही. महामार्गांच्या बातम्या एकाच साच्यात येतात : 'कोदा दी सेइ किलोमेत्री त्रा बारबेरिनो ए कालेन्त्सानो पेर इन्चिदेन्ते', म्हणजे या दोन ठिकाणांदरम्यान अपघातामुळे सहा किलोमीटर रांग. समोर मिलान-नापोली 'आ-उनो' महामार्गाचा नकाशा ठेवा आणि तीनच रकाने भरा : किती, कुठून कुठे, कशामुळे. शब्द तेच तेच असल्याने सगळं लक्ष आकड्यावर राहतं. हवामानाचं वृत्तही असंच उपयोगी.

आघाताकडेही लक्ष असू द्या. 'पार्लो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', शेवटच्यावर असेल तर 'तो बोलला'. लिहिताना शेवटच्या स्वरावर चिन्ह असतं, ऐकताना फक्त जोर.

प्रश्न : टीव्ही, रेडिओ, पॉडकास्ट यांपैकी सुरुवात कशाने करू?

शिकणाऱ्यांसाठीच्या पॉडकास्टने. मजकूर मिळतो म्हणून, बाकी कारण नाही. मात्र त्यात अडकून पडू नका. निवेदक स्पष्ट बोलतो, एकटाच बोलतो आणि तुमच्या पातळीचेच शब्द वापरतो. तिथे सगळं कळायला लागलं की तुमचा मुक्काम संपला.

टीव्ही सोपा वाटतो, कारण चित्रच निम्मी बातमी सांगतं. म्हणून रात्री आठच्या 'तीजी-उनो' या बातमीपत्रातली एखादी बातमी आधी पडद्याकडे पाठ करून ऐका, मग चित्रासह. 'रायप्ले' या 'राय'च्या ऑनलाइन सेवेवरचे बरेच कार्यक्रम हक्कांमुळे इटलीबाहेर दिसत नाहीत. 'रायप्ले साउंड'वर रेडिओ आणि पॉडकास्ट मिळतात, तिथे ही अडचण फारशी येत नाही. 'राय'च्या 'रादिओ त्रे' या रेडिओ वाहिनीवर 'आद आल्ता वोचे' या कार्यक्रमात साहित्यकृतींचं क्रमशः वाचन असतं. पुस्तक मिळालं तर उत्तमच, फक्त वाचनात काही भाग गाळलेला असू शकतो हे धरून चाला.

जुन्या संग्रहातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी या शिक्षकाने 'राय'वर निरक्षर प्रौढांना लिहाय-वाचायला शिकवलं. कार्यक्रमाचं नाव 'नोन ए माइ त्रोप्पो तार्दी', म्हणजे कधीच फार उशीर झालेला नसतो. मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढत, शब्द लिहीत ते सावकाश बोलतात. इंटरनेटवर मिळणाऱ्या त्याच्या चित्रफिती आजच्या कित्येक धड्यांहून उपयोगी आहेत.

चर्चेचे कार्यक्रम शेवटी ठेवा. पाच जण एकदम बोलतात तेव्हा इटालियन प्रेक्षकालाही सगळं कळत नसतं.

प्रश्न : नापोलीच्या गुन्हेगारी जगावरची 'गोमोर्रा' मालिका लावली, एक वाक्य कळलं नाही. इतकं कसं मागे पडलो?

मागे पडला नाहीत. ती मोठ्या प्रमाणात नापोलितान बोलीत आहे आणि इटलीतही ती इटालियन सबटायटल्ससह दाखवली गेली. त्या बोलीत शब्दांच्या शेवटचे स्वर पुसट होतात आणि नेमक्या त्याच स्वरांवरून तुम्ही लिंग-वचन ओळखता. सध्या बाजूला ठेवा. प्रमाण भाषा बोलतानाचे प्रादेशिक हेल मात्र ओळखीचे करून घ्या. तोस्कानात 'ला कासा' हे 'ला हासा' ऐकू येतं. रोममध्ये क्रियापदाचं शेपूट गळतं, 'फारे' नुसतं 'फा' राहतं. मध्य आणि दक्षिण इटलीत 'आ कासा' हे 'अक्कासा' होतं, उत्तरेत होत नाही.

प्रश्न : बातम्यांत 'अव्रेब्बे' सारखं ऐकू येतं. मंत्र्याने राजीनामा 'दिला असता' असं का म्हणतात? दिला की नाही?

'अव्रेब्बे' हे सहायक क्रियापदाचं संकेतार्थी रूप, म्हणजे आपलं 'असता', पण इथे तो संकेतार्थ जर-तरचा नाही. आपल्या बातमीदाराचं 'दिल्याचे समजते' जे काम करतं, तेच इटालियन बातमीत 'अव्रेब्बे' आणि 'सारेब्बे' करतात : बातमी आहे, दुजोरा नाही. गुन्ह्यांच्या आणि तपासाच्या बातम्यांत हे वाक्यागणिक येतं. तुकडा लिहून काढताना या दोन रूपांखाली रेघ मारत जा. काय घडलं आणि काय नुसतं म्हटलं जातंय, ते तिथल्या तिथे वेगळं होतं.

प्रश्न : सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची 'चील्स' ही इटालियनची परीक्षा, बी-उनो (बी१, म्हणजे मधली) पातळी देणार आहे. ऐकण्याच्या भागासाठी वेगळं काय करू?

ध्वनिफीत दोनदा ऐकवतात, तेव्हा घरीही दोनदाच ऐकून उत्तर द्यायचा सराव करा. फीत सुरू होण्याआधी पर्याय वाचा आणि ते एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत तिथे खूण करा : वार, जागा, कोण. पहिल्या फेरीत उत्तर निवडा, दुसरीत फक्त तपासा. फितीतला शब्द जसाच्या तसा ज्या पर्यायात आहे, त्याच्याकडे जरा संशयाने बघा. बरोबर पर्याय पुष्कळदा तेच वेगळ्या शब्दांत सांगतो.