मेलेला माणूस काय खाणार?

प्रश्न : यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्यात नोकरी करतो. यंदा पितृपक्षात त्यांच्या तिथीला पान वाढायचं म्हटलं, तर म्हणाला, "आई, मेलेला माणूस जेवायला येतो का? देव, पितर सगळं माणसानंच रचलंय." दीर म्हणतात, इंग्रजी पुस्तकं वाचून पोरगं बिघडलं, आपल्या पूर्वजांच्या मनात असलं काही कधी आलं नाही. मी मधल्यामधे अडकलेय. अजून एक, जे कुणाला बोलले नाही. यांच्या आजारपणात मी तुळजापूरच्या देवीला नवस बोलले होते. ते गेले तेव्हापासून हात जोडते, पण मन लागत नाही. हे पाप आहे का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, पाप नाही.

ग्रीसच्या उत्तर भागात सॅमोथ्रेस नावाचं बेट आहे. तिथल्या मंदिरात समुद्रातल्या वादळातून वाचलेले लोक नवस फेडायला चित्रं आणून लावत. डायागोरस नावाच्या माणसाला कुणीतरी ती दाखवली आणि म्हटलं, बघ, देवांना माणसांची काळजी आहे की नाही? तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठंच लावलेली नाहीत. ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची सांगतात. तुळजापुरातही आपल्याला नवस फेडायला आलेल्यांची रांग दिसते. ज्यांचा नवस फळला नाही, त्या तुमच्यासारख्या बायका घरीच असतात, गप्प. तेव्हा मन लागत नसेल तर ओढूनताणून लावू नका. देवीवर राग असेल तर तोही तिच्यासमोर बोला. आपल्या जनाबाईनं विठ्ठलाला 'अरे विठ्या' म्हणून फटकारलंच होतं.

आता दीर. वयानं मोठे आहेत, पण इथे त्यांचं साफ चुकतंय. तुमच्या मुलाचा प्रश्न रामायणात आहे, तोही जवळपास त्याच शब्दांत. अयोध्याकांडात भरत रामाला परत न्यायला येतो, तेव्हा सोबतचा जाबाली नावाचा ब्राह्मण रामाला म्हणतो, लोक पितरांच्या नावानं श्राद्ध घालतात, अन्नाची नासाडी बघ, मेलेला काय खाणार? राम त्याच्यावर भयंकर चिडतो. मग जाबाली सारवासारव करतो की मी नास्तिक नाही, तुला परत फिरवायचं म्हणून बोललो. त्याची सारवासारव मला कधीच फारशी पटलेली नाही, पण ते असो. सांगायचं हे की हा प्रश्न ग्रंथात राहिला, कुणी खरवडून काढला नाही.

ऋग्वेदातही तसंच. आठव्या मंडलातल्या १०० व्या सूक्तात कुणी म्हणतो, इंद्र नाहीच. त्याला पाहिलंय कुणी, स्तुती करायची तरी कुणाची? पुढच्याच ऋचेत इंद्र येऊन सांगतो, हा बघ मी. शंका आणि उत्तर दोन्ही शेकडो पिढ्यांनी पाठ केलं. बुद्धाच्या काळात अजित केशकंबली नावाचा आचार्य उघड सांगत हिंडत होता की दान-यज्ञाला फळ नाही आणि शरीर पडलं की शहाणा काय, मूर्ख काय, दोघंही संपले. देव-परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' तर दिरांनाही पाठ असेल. (ती ओळही आपल्यापर्यंत त्यांच्या विरोधकांनीच पोचवली, त्यामुळे ती बेतानंच घ्यावी.)

अर्थात, सगळं ऐकून घेतलं जायचं असंही नाही. महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचाच एकजण भर सभेत युधिष्ठिराला नातलगांच्या हत्येबद्दल सुनावतो आणि ब्राह्मण त्याला तिथेच भस्म करतात. कथेनं त्याला राक्षस ठरवून टाकलंय. डायागोरसच्या डोक्यावर अथेन्सनं बक्षीस लावलं होतं. तुमच्या घरात प्रकरण 'पोरगं बिघडलं' एवढ्यावरच आहे, ते तिथेच थांबवा.

मुलाशी मात्र वाद घालू नका. तो म्हणतो त्याला उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. त्याला फक्त कोट्टाची गोष्ट सांगा. रोमन लेखक सिसेरोनं इ.स.पू. ४५ च्या सुमारास देवांवर एक संवाद लिहिला. त्यातला कोट्टा रोमचा पुरोहित आहे आणि देवांच्या बाजूनं मांडलेला एकेक युक्तिवाद तोच खोडून काढतो. तरी म्हणतो, पूर्वजांनी घालून दिलेले विधी मी सोडणार नाही. ढोंगी म्हणा हवं तर. मला तो ढोंगी वाटत नाही. देव आहे का, हा एक प्रश्न आणि घरातल्या माणसांसोबत काय करायचं, हा दुसरा, एवढं त्यानं वेगळं ठेवलं होतं.

म्हणून मुलाला दर्भ हातात घे, संकल्प सोड, असं सांगू नका. श्राद्ध करायचंच असेल तर दिरांनी भावाचं करावं. मुलाला म्हणा, त्या दिवशी रजा काढून ये, बाबांना आवडायचं ते सगळं करणार आहे, वाढायला मदत कर. काकबळी ठेवायला गच्चीवर तुम्ही जा. तो खाली थांबला तर थांबू दे. आणि जेवताना नवसाचं त्याला सांगून टाका. घरात शंका फक्त त्यालाच आहे असं तो समजून बसलाय.