शारजात राहून भारतातली ऑनलाइन पदवी

प्रश्न : मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून नऊ वर्षांपासून शारजातील एका गोदामात नोकरी करतो. बारावी वाणिज्य शाखेतून उत्तीर्ण आहे. आमच्याच कंपनीच्या हिशेब विभागात जागा निघणार आहे, पण पदवीची अट आहे. भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन बी.कॉम. करावी असा विचार आहे. येथील एक एजंट वर्षभरात पदवी मिळवून देतो म्हणतो. पदवीवर ‘ऑनलाइन’ असे छापतात का, आणि ती येथे चालेल का?
– एक वाचक, शारजा

उत्तर : एजंटाचा विषय आधी संपवू. बी.कॉम.ला किमान तीन वर्षे लागतात. वर्षभरात मिळते ती पदवी नसून नुसता कागद असतो. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार विद्यापीठाला असे अभ्यासक्रम दलाल किंवा फ्रँचायझीमार्फत चालवता येत नाहीत. प्रवेश थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

विद्यापीठाचे नाव मोठे आहे, एवढ्यावर विसंबू नका. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठापुढे तुमचा अभ्यासक्रम, तोही ‘ऑनलाइन’ या पद्धतीखाली आणि तुम्ही प्रवेश घेणार त्याच सत्रासाठी नोंदलेला आहे का, हे पाहा. दूरशिक्षणाची परवानगी म्हणजे ऑनलाइनची परवानगी नव्हे. जाहिरातीत दोन्ही बेमालूम एक केलेले असतात. यादीतले ते पान तारखेसह जपून ठेवा.

प्रवेशासाठी भारतीय विद्यार्थ्यांना आता ‘डेब आयडी’, म्हणजे आयोगाच्या याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो काढताना डिजिलॉकरचे काम पडते आणि त्याचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. नऊ वर्षांत गावाकडचे ते सिमकार्ड बंद पडले असेल, तर प्रवेशाच्या मुदतीत धावपळ होईल. म्हणून पुढच्या सुट्टीत आधारमधील क्रमांक बदलून घ्या. परदेशी नागरिकांना या आयडीतून सूट आहे, पण तुमचे पारपत्र भारतीय असल्याने ती तुम्हाला लागू नाही.

आता छापण्याबद्दल. होय, शिक्षणाची पद्धत पदवीवर आणि गुणपत्रिकेवर नमूद करावी, असा नियमच आहे. भारतात ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. परंतु भारतात मान्यता असणे वेगळे आणि अमिरातीत ती स्वीकारली जाणे वेगळे. तुमच्या बाबतीत खरा निर्णय दोन ठिकाणी होईल : तुमच्या कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि, पदवीची अधिकृत मान्यता मागितली गेल्यास, तेथील उच्च शिक्षण मंत्रालय. म्हणून शुल्क भरण्याआधीच विद्यापीठाचे नाव आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द दोन्ही स्पष्ट लिहून कंपनीकडे ईमेलने विचारणा करा. तोंडी ‘चालेल’वर तीन वर्षे आणि पैसे लावू नयेत, असे माझे मत आहे. उत्तर नकारार्थी आले तर वाईट वाटेल, पण ते आजच कळलेले बरे.

पुढे साक्षांकनाची, म्हणजे पदवी खरी असल्याचे अधिकृत शिक्के घेण्याची, पायरी येते. एका देशाचा एकच शिक्का दुसऱ्या देशात चालावा यासाठीच्या ‘अपॉस्टील’ या आंतरराष्ट्रीय करारात अमिरात नसल्याने एका शिक्क्यावर भागत नाही. ओमान किंवा सौदीत असता तर भागले असते. विद्यापीठ ज्या राज्यातले, तेथील सक्षम अधिकारी, मग आपले परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी अमिरातीचे परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम असतो. त्यामुळे घरच्यांना खेटे घालणे सोयीचे पडेल अशा राज्यातले विद्यापीठ निवडणे शहाणपणाचे ठरेल.

येथेच मराठी माणसाची एक हमखास अडचण उभी राहते. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, तर पारपत्रावर क्रम निराळा असतो. प्रवेश अर्जात नाव पारपत्राप्रमाणेच छापून मिळेल का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. पदवी हाती आल्यावर दुरुस्तीला महिने जातात.

परीक्षेच्या वेळाही विचारून घ्या. भारतातला सकाळी दहाचा पेपर तुमच्याकडे साडेआठला सुरू होईल, म्हणजे ऐन पाळीच्या वेळी. कॅमेऱ्यासमोर परीक्षा देण्यासाठी स्वतंत्र खोली लागते. चौघांच्या खोलीत राहत असाल तर त्या दिवसांची सोय आधीच पाहावी लागेल.