शंका-समाधान : वाहनतळाखाली सापडलेला राजा

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे इंग्लंडला जाणार आहोत. लेस्टर शहरात तिसरा रिचर्ड या राजाचे आयुष्य आणि त्याची पुन्हा सापडलेली कबर यांवर एक संग्रहालय आहे, असे तिने कळवले आहे. इंग्लंडच्या इतिहासाशी आमची ओळख शाळेच्या पुस्तकापुरतीच आहे. अशा माणसांनी तिथे मुद्दाम जावे का?

उत्तर : अवश्य जावे, मात्र घरून निघण्यापूर्वी कथानक ठाऊक करून घ्यावे. पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकेस्टर या एकाच राजकुळाच्या दोन शाखा गादीसाठी सुमारे तीस वर्षे एकमेकींशी लढत होत्या. रिचर्डचा जन्म १४५२ मधला, यॉर्क शाखेतला. त्याचा थोरला भाऊ, राजा चौथा एडवर्ड, १४८३ मध्ये वारला तेव्हा गादीचा वारस असलेला मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. त्याचा सांभाळ करण्याची जबाबदारी असलेल्या रिचर्डने भावाचा विवाह बेकायदा आणि त्यामुळे मुले अनौरस ठरवून राज्य स्वतःकडे घेतले. पुढे दोन वर्षांतच, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, बॉसवर्थच्या लढाईत लँकेस्टर पक्षाचा दावेदार हेन्री ट्यूडर, जो पुढे राजा झाला, त्याच्या सैन्याने त्याला मारले. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. रणांगणावर मरण आलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा.

एवढे माहीत असले की पुढचे सारे आपोआप उलगडते. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून लेस्टरला पोहोचायला आगगाडीने तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. संग्रहालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे आणि ते जुलै २०१४ मध्ये सुरू झाले. तळमजल्यावर राजघराण्याची भाऊबंदकी आणि लढाई, वरच्या मजल्यावर उत्खननाची आणि त्यानंतरच्या तपासणीची हकीकत, आणि अखेरीस पुन्हा खाली, प्रत्यक्ष कबरीपाशी, असा क्रम आहे. दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत. वेळ कमीच असेल तर युद्धाची दालने भरभर पाहून वरच्या मजल्यासाठी आणि कबरीसाठी तो राखून ठेवावा, असा माझा आग्रह राहील. लढायांची माहिती पुस्तकांतूनही मिळते, ती कबर मात्र तिथेच पाहता येते.

ती कबर म्हणजे काचेच्या जमिनीखालचा, साध्या मातीचा एक खड्डा आहे. हाडे जशी सापडली तशी त्यांची आकृती प्रकाशाने त्या मातीवर उमटवली जाते. मी तिथे उभा राहिलो तेव्हा सर्वांत आधी नजरेत भरला तो त्या खड्ड्याचा आखूडपणा. खणणाऱ्यांनी तो माणसाच्या उंचीएवढाही खणला नव्हता. त्यामुळे देह आत उतरवल्यावर डोके कडेला टेकून पुढे झुकलेले राहिले आणि पाचशेहून अधिक वर्षे तसेच राहिले. शवपेटी नव्हती, कफनाचाही मागमूस नव्हता, आणि हात बहुधा बांधलेले असावेत अशा रीतीने एकमेकांवर आलेले होते. आदल्या आठवड्यापर्यंत ज्याच्या नावाने देशाचा कारभार चालत होता त्या माणसाला किती घाईने मातीआड केले, हे त्या कडेकडे पाहताच कळते. तिथे थोडा वेळ गप्प उभे राहावे.

प्रश्न : ‘कार पार्कखाली राजा सापडला’ ही बातमी आम्ही वाचली होती. परंतु पाचशे वर्षांपूर्वीचा सांगाडा अमुक एका माणसाचाच आहे, हे खात्रीने कसे सांगता येते?

उत्तर : कोणत्याही एका पुराव्यावर ही खात्री उभी नाही, आणि म्हणूनच ती मला पटते. पहिला पुरावा जागेचा. रिचर्डला लेस्टरमध्ये ग्रे फ्रायर्स या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पुरले, अशी जुनी नोंद होती. १५३८ मध्ये मठ बंद होऊन पुढे पाडला गेला, आणि राजाची हाडे लोकांनी सोअर नदीत फेकून दिली अशी वदंता पसरली, ती पिढ्यान् पिढ्या खरी मानली गेली. लेखिका फिलिपा लँगली यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, पैसा उभा केला, आणि लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी रिचर्ड बकली यांच्या नेतृत्वाखाली २५ ऑगस्ट २०१२ रोजी नगरपालिकेच्या वाहनतळावर पहिला चर खणला. पहिल्याच दिवशी पायाची हाडे दिसली. ती राजाची असतील असे तेव्हा कोणालाही वाटले नव्हते. ती जागा चर्चच्या गाभाऱ्याजवळची, म्हणजे नोंदीशी जुळणारी आहे, हे नंतर उमगले.

दुसरा पुरावा हाडांचा. सांगाडा तिशीच्या आसपासच्या पुरुषाचा होता, पाठीचा कणा एका बाजूला लक्षणीय वळलेला होता, आणि मृत्यूच्या सुमारास झालेल्या अकरा जखमांच्या खुणा हाडांवर होत्या. त्यांतल्या नऊ कवटीवर होत्या. कवटीच्या तळाशी झालेले दोन मोठे घाव प्राणघातक ठरले असावेत. एक घाव ओटीपोटाच्या हाडावर आहे. अंगात चिलखत असताना तो तिथे बसणे कठीण, म्हणून मृतदेह विवस्त्र करून घोड्यावर टाकून नेताना विटंबनेखातर तो केला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. हाडांचे वय सांगणारे कार्बन कालमापनही त्याच काळाशी जुळले.

तिसरा पुरावा डीएनएचा, आणि तोच नीट समजून घेण्यासारखा आहे. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या भागातला डीएनए केवळ आईकडून अपत्याला मिळतो. मुलगे तो पुढे देत नाहीत, मुली देतात. म्हणून रिचर्डच्या वंशजांऐवजी त्याची बहीण ॲन हिच्या मुली, नाती, पणती अशी स्त्रियांची साखळी शोधत शोधत दोन हयात व्यक्तींपर्यंत पोहोचावे लागले. त्यांचा डीएनए सांगाड्याशी जुळला. त्यांतले एक गृहस्थ लंडनमध्ये सुतारकाम करणारे होते, आणि पुढे राजाची नवी शवपेटी त्यांनीच आपल्या हाताने घडवली. पुरुषांच्या साखळीतून येणारे वाय गुणसूत्र मात्र त्या साखळीतल्या हयात वंशजांशी जुळले नाही. म्हणजे मधल्या शतकांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. ही गोष्ट संशोधकांनी लपवली नाही. सारे पुरावे एकत्र तोलून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हा सांगाडा रिचर्डचा असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के आहे. संग्रहालयात सांगाड्याची त्रिमितीय छपाईने केलेली प्रतिकृती आहे. तिच्याजवळ उभे राहून कण्याचे मणके एकेक करून न्याहाळावेत.

प्रश्न : शेक्सपिअरच्या नाटकातला रिचर्ड कुबडा, क्रूर आणि पुतण्यांचा खुनी आहे. हे संग्रहालय त्याला निर्दोष ठरवते का?

उत्तर : इथे दोन आरोप एकत्र झाले आहेत, ते वेगळे करू. शरीराबाबत हाडांनी निकाल दिला आहे. कणा बाजूला वळलेला असल्याने उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उंच राहत असे, पण पाठीवर कुबड नव्हते आणि वाळलेला हातही नव्हता; मापात बेतून शिवलेले कपडे किंवा चिलखत घातल्यावर ते व्यंग सहसा लक्षातही आले नसते. ट्यूडरांच्या राजवटीत लिहिणाऱ्यांनी एका खऱ्या व्यंगाला विकृतीचे रूप दिले. आयुष्यभर अशा कण्यानिशी घोड्यावर बसून लढलेल्या माणसावर हा अन्याय झाला, असे मला मनापासून वाटते.

पुतण्यांचा प्रश्न वेगळा. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात ठेवलेली चौथ्या एडवर्डची ती बारा आणि नऊ वर्षांची मुले १४८३ च्या उन्हाळ्यानंतर कोणालाही दिसली नाहीत. शनिवारवाड्यातली काका-पुतण्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांचे मन लगेच निकाल देऊ पाहते. पण रिचर्डच्या हाडांवर या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नाही. त्याच राजाच्या १४८४ च्या संसदेने संशयावरून पकडलेल्या लोकांना जामीन मिळावा म्हणून कायदा केला, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच दालनांतून फिरावे.

प्रश्न : सोबत दहा वर्षांची नात असेल. खरी हाडे पाहून ती घाबरेल का?

उत्तर : खरी हाडे तिथे नाहीत. २६ मार्च २०१५ रोजी ती समोरच्याच लेस्टर कथीड्रलमध्ये विधिपूर्वक पुरण्यात आली. जखमांचे वर्णन ऐकताना नातीचा हात हाती असू द्या, एवढे पुरे. कबर पाहून झाल्यावर रस्ता ओलांडून कथीड्रलमध्ये जरूर जा. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर उत्तर इंग्लंडमधल्या स्वेलडेलच्या फिकट दगडाची मोठी शिळा आहे आणि तिच्यात खोलवर क्रूस कोरलेला आहे. जवळ वाकून पाहिल्यास त्या दगडात प्राचीन समुद्री जीवांचे अश्म झालेले अवशेष दिसतात. नातीला ते शोधायला सांगा.