आजीची लुगडी, आईच्या साड्या आणि कात्री लावायचा धीर: गोधडीसाठी कुठली पुस्तकं बघायची, सुरुवात कुठून करायची

तू लिहिलंयस की भाच्यांसाठी दोन दुपटी किट आणून मशीनवर शिवली, ती छान झाली, आता आजीची दोन नऊवारी आणि आईच्या सहा सुती साड्या कपाटात आहेत, मोबाईलमध्ये चारशे फोटो सेव्ह केलेत आणि तरी तीन महिने कात्री लावायचा धीर होत नाहीये, तर कुठली पुस्तकं बघू आणि कुठलं तंत्र शिकू. मी गेली बावीस वर्षं गोधड्या शिवतेय, हाताने जास्त, मशीनवर कमी. मला जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते, लांबलचक होईल पण वाच.

आधी ते चारशे फोटो थोडे दिवस बाजूला ठेव. फोटोत गोधडी वरून दिसते, पूर्ण झालेली, इस्त्री केल्यासारखी. ती कुठून सुरू झाली, बाईचा हात कुठल्या दिशेने फिरला, मागची बाजू कशी आहे, हे काहीच कळत नाही, आणि खरं डिझाईन त्यातूनच येतं असं माझं ठाम मत आहे. कडेकडून आत शिवत गेलं की एक गोधडी होते, मधून बाहेर गेलं की दुसरीच होते, कापड तेच असलं तरी. म्हणून मी पुस्तक बघताना नक्षी नंतर बघते, सुरुवात कुठे आहे ते आधी शोधते.

हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी आजीच्या वाकळेने शिकवलं. सांगलीकडच्या खेड्यातली आहे, वर इरकली लुगडं, खाली चंद्रकळेचा तुकडा आणि त्याला दंड घालून, म्हणजे दोन कापडं शिवणीने सांधून, जोडलेलं दुसरं काहीतरी. एक कोपरा उसवला होता म्हणून दुरुस्तीला घेतली तर आतून दुसरी गोधडी निघाली, आख्खी, तिच्या ठिगळांसकट, आणि तिच्याही आत धोतराचं पान. म्हणजे जुनी विरली की टाकायची नाही, तीच नवीचं पोट होते. धावदोरा कडेने सुरू झालेला, कोपऱ्यावर वळून परत कडेला समांतर, दोन ओळींत बोटभर अंतर, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. शेवटी मधे तळहाताएवढा आयत राहिलाय आणि तिथे पांढरा दोरा संपून लाल सुरू झालाय. कडेला इंचात चार टाके आहेत, मधे तीनच, कारण तिथवर पोचेपर्यंत सगळं बोचकं मांडीवर गोळा झालेलं असणार आणि सुई ओढायला जोर लागत असणार. मी हे मोजत बसले त्या दुपारी मला कळलं की गोधडी वाचता येते. तुझ्या घरात, मावशीकडे, सासरी कुणाकडे तरी जुनी गोधडी असेलच, तिच्यापासून सुरुवात कर. उलटी कर, मागून बघ, टाके मोज, आणि कागदावर फक्त दोऱ्याचा रस्ता काढ.

आता पुस्तकं. आपल्या गोधड्यांवरचं बघायचं तर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तक आहे, २०१३ साली फ्रान्समधल्या एका क्विल्टिंगवाल्या प्रकाशनाने काढलं. विकत घेणं जमलं नाही तर कुणाकडे मिळतं का बघ, पण बघच. आपल्याकडच्या बायकांनी चिंध्यांतून काय केलंय ते छापलेल्या पानावर बघितलं की वेगळीच ताठ मान होते.

दुसरं, सिद्दी बायकांची कौदी, म्हणजे कवंदी. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात हे लोक राहतात, यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकन गुलाम, तिथून निसटून घाटावरच्या जंगलात गेलेले, आणि घरात आजही कोकणीच्या जवळची भाषा बोलतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने त्यांच्या गोधड्यांवर बरंच काम केलंय, ते नाव टाकून शोध. त्यांची पद्धत तुझ्यासाठी अगदी नेमकी आहे कारण आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करायचाच नसतो. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कडा आत दुमडायची, धावदोरा घालायचा, मग पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवून ठेवायचा, असं कडेने फिरत फिरत मध्यापर्यंत. ठिगळ लावणं आणि शिवणं एकदमच होतं. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांचं फूल लावतात, त्याला फुलाच म्हणतात आणि त्याशिवाय गोधडी त्यांना पुरी वाटत नाही. ज्याला कात्री लावायची भीती वाटते त्याने हेच करावं, कारण एका वेळी एकच तुकडा ठरवायचा असतो, आख्ख्या गोधडीचा आराखडा डोक्यात लागत नाही.

तिसरं, गीज बेंड. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात वसलेलं काळ्या लोकांचं छोटं गाव, पूर्वी तिथे कापसाचा मळा होता आणि मळ्याच्या मालकाचं पेटवे हे आडनाव आजही गावात बहुतेकांचं आहे. इथल्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं, त्याच वर्षी मोठं पुस्तक निघालं, आणि २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने यातल्या दहा गोधड्यांची तिकिटं काढली. यांची ‘हाऊसटॉप’ नावाची रचना बघ, मधे एक तुकडा आणि त्याच्याभोवती पट्ट्या, पट्ट्यांभोवती पट्ट्या, म्हणजे आपल्या धावदोऱ्याच्या बरोब्बर उलटा प्रवास. पट्ट्या सरळ नसतात, एका बाजूला जाड होतात, आणि त्यामुळेच कापड श्वास घेतंय असं वाटतं. तिथल्या मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून गोधडी केली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. पँटींचे गुडघे विरून फिके झालेले, डाग तसेच ठेवलेले. तू आईच्या साडीवरचा हळदीचा डाग कापून टाकायचा का असं विचारलंयस ना, त्याचं माझं उत्तर ही गोधडी आहे. डाग ठेव.

बंगालच्या कांथ्याबद्दल, म्हणजे जुन्या साड्यांच्या थरांवर भरतकाम केलेल्या तिथल्या गोधडीबद्दल, सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. बाजारातली कांथा साडी बघून अंदाज घेऊ नकोस, जुने कांथे बघ, फिलाडेल्फियाच्या म्युझियमने २००९ मध्ये त्यांच्याकडच्या कांथ्यांवर सुंदर पुस्तक काढलंय. जुन्या साडीच्या काठातले रंगीत दोरे उसवून त्याच दोऱ्याने बायका भरतकाम करायच्या, ही गोष्ट तुझ्या कामाची आहे. लुगड्याचा काठ कुजला असेल तरी पदरातले दोरे बरेचदा चांगले निघतात, मी असे दोरे काढून बाळाच्या दुपट्यावर नाव घातलंय. सिंध-कच्छकडच्या रल्लीवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, पॅट्रिशिया स्टॉडर्ड यांचं २००३ चं पुस्तक आहे, रंग बघायला ते घे. जपानी बोरोचं, म्हणजे ठिगळांवर ठिगळं चढवलेल्या जुन्या कापडांचं, वेड सध्या खूप आहे, ते बघ पण एवढं लक्षात ठेव की उत्तरेकडच्या थंडीत, जिथे कापूस पिकत नव्हता, तिथल्या गरिबांनी एकेक सुती चिंधी जपून थरावर थर चढवले, म्हणून ते तसं दिसतं. मुद्दाम फाडून तो लूक येत नाही.

आणि ठोकळे, म्हणजे ब्लॉक, शिकायचे असतील तर बार्बरा ब्रॅकमन यांचा कोश, १९९३ चा, त्यात ४,००० हून जास्त रचना आहेत. तो प्रेरणेसाठी उघडू नकोस, पुन्हा चारशे फोटोंसारखंच होईल. आवडलेल्या रचनेचं नाव शोधायला ठेव.

तंत्रात मी तुला एकच ठोकळा शिकायला सांगेन, दोन त्रिकोणांचा चौकोन. एक गडद, एक फिका, चार-चार इंचाचे दोन चौकोन समोरासमोर ठेव, कर्णाची रेघ मार, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मार, रेघेवर काप. दोन ठोकळे मिळतात, ते छाटून साडेतीन इंचाचे कर. असे सोळा झाले की जमिनीवर मांड, फिरव, परत मांड, एका संध्याकाळी दहा वेगळ्या रचना निघतील आणि पुस्तकातल्या अर्ध्या नक्ष्या कुठून आल्या ते आपोआप कळेल. मांडलेल्याचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढ, कारण डोळा रंगाने फसतो. मी एकदा लाल-हिरव्याची सुंदर जोडी म्हणून आख्खी गोधडी जोडली आणि लांबून ती सपाट एकरंगी दिसत होती, दोन्ही रंग सारखेच गडद होते.

जुन्या साड्यांबद्दल मात्र नीट ऐक. उजेडासमोर धर, जिथे जाळी दिसते तो भाग वर वापरू नकोस, आत थरात घाल. साडी मधे विरते आणि काठाकडे टिकते, म्हणून आपल्या आज्या मधला भाग काढून दंड घालायच्या. प्रत्येक साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेव, रंग लागला तर ती साडी या गोधडीत नाही. माझ्या एका गोधडीत लाल खणाने धुतल्यावर शेजारचं पांढरं मलमल गुलाबी केलं आणि ते परत पांढरं झालं नाही. सुती आणि नायलॉन एकत्र घेऊ नकोस, आटणं वेगळं असतं, सुरकुत्या पडतात. विरलेलं कापड उरेप, म्हणजे तिरकं, कापू नकोस, उभ्या-आडव्या धाग्यातच काप, नाहीतर हातात ताणत जाईल. थर जमिनीवर पसरून आधी कच्चा दोरा घाल, वीतभर अंतराने, आणि हे मी हात जोडून सांगते की टाळू नकोस. दोरा मेणबत्तीवरून ओढून घे म्हणजे गुंतत नाही, मधल्या बोटाला अंगुस्तान घाल, आणि टाके एकसारखे येत नाहीत म्हणून उसवत बसू नकोस, पहिल्या हातभर कामानंतर हात स्वतःची लय धरतो.

मी तुझ्या जागी असते तर आजीच्या नऊवारीला आत्ता हात लावला नसता. आईची जी साडी सर्वात जास्त विरलीय ती घेतली असती, दोन हात लांब दोन हात रुंद तुकडा खाली अंथरला असता आणि सिद्दी पद्धतीने एका कोपऱ्यापासून सुरू केलं असतं. वेळ लागतो, रोज तासभर बसलीस तर माझ्या हाताने महिना जातो, तुला दीड लागेल. झाली की पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्हीचे फोटो टाक, मागची आधी.